टपाल तिकिटाएवढ्या त्वचेपासून

भाजलेली जागा फक्त कडेने भरत नाही, ती तळातूनही भरते. केसांच्या मुळांशी आणि घामाच्या ग्रंथींच्या नळ्यांत बाह्यत्वचेच्या पेशी शिल्लक असतात. त्या वाढत वाढत पृष्ठभागावर पसरतात. खोल भाजले की हा साठाच जळून जातो. मग मांडीची पातळ त्वचा काढून, जाळीसारखी ताणून जखमेवर लावतात. पण ९० टक्के शरीर जळाले असेल, तर लावायला त्वचा आणायची कुठून?

याचे उत्तर भाजण्याशी काहीही संबंध नसलेल्या कामातून निघाले. अमेरिकेत एमआयटीमध्ये हॉवर्ड ग्रीन उंदराच्या एका गाठीच्या पेशी वाढवत होते. त्यांत त्वचेसारख्या पेशींचे पुंजके दिसू लागले. मात्र शेजारी ‘३टी३’ नावाच्या, उंदराच्याच फायब्रोब्लास्ट पेशी असल्या तरच ते वाढत. या तपशिलाकडे दुर्लक्ष झाले नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. ग्रीन आणि त्यांचे विद्यार्थी जेम्स राइनवाल्ड यांनी १९७५ साली माणसाच्या त्वचेच्या पेशी याच रीतीने वाढवून दाखवल्या.

रीत अशी. रुग्णाच्या न भाजलेल्या त्वचेचा छोटा तुकडा घ्यायचा आणि विकराने त्यातल्या पेशी सुट्या करायच्या. ३टी३ पेशींना आधी किरणोत्सर्ग द्यायचा: त्या जिवंत राहतात, पोषक द्रव्ये सोडतात, पण त्यांचे विभाजन थांबते. या थरावर रुग्णाच्या पेशी पेरायच्या. वाढीला जोर यावा म्हणून द्रावणात वाढीचे एक प्रथिन घालतात आणि पटकीच्या जंतूचे विषही, अगदी अल्प प्रमाणात. पुंजके मोठे होत एकमेकांना भिडतात आणि सलग पापुद्रा तयार होतो. तो खरवडला तर फाटतो. म्हणून डिस्पेज हे विकर वापरतात. ते पात्राच्या तळाशी असलेली पकड सोडवते, पेशींची आपसातली पकड मात्र शाबूत ठेवते. सुटलेला पापुद्रा व्हॅसलीन लावलेल्या जाळीदार कापडावर घेऊन जखमेवर ठेवायचा. तीन चौरस सेंटिमीटर त्वचेपासून तीन-चार आठवड्यांत सगळे अंग झाकेल एवढी बाह्यत्वचा मिळू शकते.

१९८३ साली बोस्टनमध्ये ९५ टक्क्यांहून अधिक भाजलेल्या दोन लहान भावांचे जवळपास निम्मे शरीर अशा पापुद्र्यांनी झाकले गेले आणि दोघे वाचले.

तरी ही पूर्ण त्वचा नव्हे. तिला केस नाहीत, घामाच्या ग्रंथी नाहीत आणि मुख्य म्हणजे खालची अंतस्त्वचा नाही. त्यामुळे पापुद्रा नाजूक राहतो, त्यावर सहज फोड येतात, जंतुसंसर्गात तो टिकत नाही. १९८६ साली चार्ल्स क्युओनो यांच्या गटाने यावर एक मार्ग काढला: आधी मृत दात्याची त्वचा लावायची, ती रुजली की तिचा वरचा थर काढून टाकायचा आणि उरलेल्या अंतस्त्वचेवर रुग्णाचा स्वतःचा पापुद्रा बसवायचा.

पापुद्रा तयार होईपर्यंतचे आठवडेही अशाच दान केलेल्या त्वचेखाली काढावे लागतात. मुंबईत सायनच्या रुग्णालयात आणि नवी मुंबईत ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये त्यासाठी त्वचापेढ्या आहेत. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत मांड्या, पाय आणि पाठ यांवरून अगदी पातळ थर घेतात; तो ग्लिसरॉलमध्ये ठेवला जातो. रक्तगट जुळावा लागत नाही.