थोडे बोल, नेमके बोल

समजा, प्रयोगाच्या नोंदींची फाइल दुरुस्त करून तुम्ही ती 'आरसिंक'ने दुसऱ्या संगणकावर पाठवलीत. पण तिकडे दिसते जुनीच! १९९६ साली ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरस यांनी लिहिलेली ही आज्ञावली एरवी मुकाट्याने काम करते. आज्ञेत उणे चिन्हापुढे 'व्ही' हे अक्षर घातले, की ती बोलू लागते. एका 'व्ही'ने पाठवलेल्या फाइलींची नावे कळतात, दोहोंनी न पाठवलेल्यांचीही.

आपली फाइल या दुसऱ्या यादीत 'अद्ययावत' म्हणून सापडते. असे का? आरसिंक एरवी फक्त आकार आणि बदलाची वेळ ताडून पाहते. ३ चा ८ केला तरी आकार तोच. त्यात दुरुस्तीच्या साधनाने जुनी वेळ कायम ठेवली असेल, तर तिला फरक कळणार कसा? 'सी' हे अक्षर दिले, की ती मजकूरच पडताळते.

मग चार 'व्ही' का देऊ नयेत? संदेशांचा नुसता पूर येतो. अतिसंवेदनक्षम गॅल्व्हानोमीटरचा काटा स्थिर राहत नाही, तसेच हे. म्हणून २०१३ च्या आवृत्तीत 'इन्फो' व 'डीबग' हे पर्याय आले. आता केवळ फाइली गाळण्याच्या नियमांविषयी विचारले, तर तेवढेच उत्तर मिळते.