शौकापायी सर्कस काढलेला माणूस

विष्णुपंत छत्र्यांचे नाव निघाले की 'भारतीय सर्कशीचे जनक' हे बिरूद लगेच येते. बिरूद खोटे नाही, पण त्याच्या वजनाखाली मूळचा रंगेल माणूस दबून जातो. कृष्णाकाठच्या अंकलखोपचा हा ब्राह्मण आयुष्यभर दोनच गोष्टींच्या नादी लागला होता: घोडा आणि गाणे. यातल्या एकाही नादाने घर चालत नाही, उलट घर बसते. छत्र्यांनी मात्र दोन्ही नाद पोसले, त्यातून धंदा उभा केला आणि धाकट्या भावाच्या हाती तो चालता सोपवला.

दोन्ही विद्या त्यांना मिळाल्या त्या ग्वाल्हेरीत. शिंद्यांच्या पदरी घोड्यांचे जाणकार होते आणि ख्यालगायकीचे घराणेही त्याच गावचे. दिवसा घोडा फिरवायचा आणि रात्री त्या घराण्याच्या हद्दूखाँच्या समोर तानपुरा घेऊन बसायचे, असा तरुणपणीचा क्रम डोळ्यांसमोर आणला की पुढचे आयुष्य आपोआप उलगडते. परत आल्यावर कुरुंदवाडच्या पटवर्धनांकडे घोड्यांचे काम मिळाले. संस्थान लहान, पण दरबारच्या हौसेला तोटा नव्हता.

१८७९ साली जुसेपे कियारिनी या इटालियन माणसाची सर्कस मुंबईत आली. पुढची गोष्ट ठिकठिकाणी सांगितली जाते. हिंदी माणसाला सर्कस जमायला अजून बराच काळ जावा लागेल, असे कियारिनी म्हणाला. जो कोणी सहा महिन्यांत आपल्यासारखी कामे करून दाखवील त्याला हजार रुपये आणि एक घोडा देईन, अशी पैजही त्याने लावली. आणि छत्र्यांनी विडा उचलला. गोष्ट छान आहे, जरा जास्तच छान आहे. मला ती अर्धीच पटते. ज्याने उमेदीची वर्षे घोड्यांत घालवली त्याला अपमानाची गरज कशाला? मुंबईचा तो तंबू, ती बत्ती, तो बँड पाहून या माणसाच्या मनात आले असणार की आपण पागेत फुकट करतो त्यालाच हे लोक तिकीट लावतात!

२० मार्च १८८० रोजी निवडक पाहुण्यांसमोर 'ग्रेट इंडियन सर्कस'चा पहिला खेळ झाला. कियारिनीचे बरेचसे सामान छत्र्यांनीच विकत घेतले होते, असेही सांगतात.

त्या काळी सर्कशीचे मुख्य काम घोड्याचेच असे. वाघ-सिंह, झोपाळे, विदूषक सगळे होते, पण रिंगण आखले जाई ते घोड्याच्या मापाने. ते माप बेचाळीस फूट व्यासाचे, अठराव्या शतकात लंडनच्या फिलिप ॲस्टली नावाच्या माजी घोडेस्वाराने रूढ केलेले. त्यामागे हिशोब आहे. घोडा गोलात एकाच लयीत दौडत राहिला की पाठीवर उभा असलेला स्वार बाहेर फेकला जाऊ पाहतो. तो अंग किंचित आत झुकवतो आणि दोन्ही ओढींचा मेळ बसला की खोगिराशिवाय उभा राहू शकतो. वर्तुळ फार लहान झाले तर घोड्याला धड दौडता येत नाही; फार मोठे झाले तर आतल्या झुकण्याचा आधार कमी पडतो. पाय घसरू नयेत म्हणून घोड्याच्या पाठीवर राळेची पूड चोळायची. मात्र या सगळ्याच्या आधी हवा तो लय न मोडणारा घोडा. मध्ये उभा राहून चाबकाच्या नुसत्या टोकाने ती लय सांभाळणारा माणूस बाहेरून निवांत दिसतो, पण त्याची एक चूक वरच्या स्वाराच्या मणक्यावर येते. छत्रे मध्येही उभे राहत आणि घोड्यावरही. गाण्यातल्या माणसाला लय म्हणजे काय ते वेगळे सांगावे लागत नाही, हा माझा तर्क. पण तो सोडवत नाही.

सर्कस हा घरचा कारभार होता. छत्र्यांच्या पत्नी झोपाळ्यावरची कामे करत आणि जनावरेही हाताळत, असे सांगितले जाते. एकोणिसाव्या शतकातल्या कोकणस्थ घरातली ही गोष्ट आहे, हे लक्षात घेतले म्हणजे तिचे वजन कळते. भाऊ काशिनाथपंत बरोबर होतेच. धंदा म्हणून पाहिले तर सर्कस म्हणजे रोजचा जुगार. तंबू भरो न भरो, घोड्यांना चंदी आणि वाघाला मटण वेळेवर लागते. पाऊस लागला की मिळकत बंद आणि खर्च तेवढाच. तरीही ही मंडळी उत्तरेत फिरली, दक्षिणेत गेली, सिलोन आणि आग्नेय आशियापर्यंत पोचली.

दक्षिणेच्या फेरीत तेल्लिचेरीला त्यांना कीलेरी कुंञिकण्णन हे कसरतीचे शिक्षक भेटले. सर्कशीला अंगाने तयार माणसे हवी होती आणि कुंञिकण्णनांकडे ती घडवण्याची विद्या होती. त्यांनी पुढे तिथे सर्कशीचे शिक्षणच सुरू केले आणि केरळ या व्यवसायाचे माहेरघर झाले. आपण मराठी लोक 'पहिली सर्कस आमची' म्हणून छाती काढतो; ती टिकवली मात्र मल्याळी मंडळींनी, हेही म्हणायला हवे.

छत्र्यांचा खरा स्वभाव मात्र मला रहिमतखाँच्या प्रकरणात दिसतो. हे हद्दूखाँचे चिरंजीव, म्हणजे छत्र्यांचे गुरुबंधू. वडील गेले, भाऊ गेला आणि हा अलौकिक गळ्याचा गवई अफूच्या नादात घर सोडून भटकू लागला. तो काशीला कफल्लक अवस्थेत छत्र्यांना सापडला, असे सांगतात. दुसऱ्या कोणी चार पैसे हातावर ठेवून पाठ फिरवली असती. छत्र्यांनी त्याला उचलून सर्कशीबरोबर घेतले. मुक्काम पडेल तिथे खाँसाहेबांची बैठक. काही ठिकाणी तर तंबूतच गाणे. ज्यांनी वाघ पाहायला तिकीट काढले त्यांच्या पदरात ग्वाल्हेरचा ख्याल पडला. गवई लहरी, स्वतःशी पुटपुटणारा, कधी गाईल याचा नेम नाही. व्यापारी डोक्याच्या माणसाने असा कलावंत दुसऱ्या गावीच उतरवून दिला असता. छत्रे त्याला नेपाळच्या दरबारापर्यंत घेऊन गेले.

लोक रहिमतखाँना 'भूगंधर्व' म्हणू लागले. मिरजेचे अब्दुल करीमखाँ त्यांच्या गाण्याने भारावले होते आणि तो रंग त्यांच्या गायकीत ओळखू येतो. विष्णुपंतांमागे सर्कस काशिनाथपंतांकडे आली, आणि तिच्याबरोबर खाँसाहेबही. त्यांनी थोरल्या भावाचे हे खाते बंद केले नाही. १९२०च्या सुमारास म्हाताऱ्या रहिमतखाँच्या काही ध्वनिमुद्रिका निघाल्या. १९२२ साली ते कुरुंदवाडलाच वारले. छत्र्यांच्या घोड्यांचे, तंबूचे आज काही उरलेले नाही. 'जमुना के तीर' ही रहिमतखाँची भैरवी मात्र जाणकार अजून शोधून ऐकतात.