पॉलिग्राफला खोटं कळतं का?

अमेरिकेत पोलीस व्हायचं तर अनेक खात्यांत पॉलिग्राफ चाचणीला बसावं लागतं. लॉस एंजेलिसचं पोलीस खातं ती घेतं, एफबीआयही घेते. खासगी कंपन्यांना नोकरीसाठी अशी चाचणी घ्यायला 1988च्या कायद्याने जवळजवळ बंदीच आहे. सरकारी खात्यांना मात्र त्यातून सूट मिळाली. आपल्याकडेही भरतीची तयारी करणारी मुलं या चाचणीबद्दल कुतूहलाने विचारतात, आणि त्यांच्या मनात भलत्याच समजुती असतात.

सर्वांत पक्का गैरसमज म्हणजे यंत्राला खोटं कळतं. यंत्र मोजतं ते श्वास, नाडी, रक्तदाब आणि बोटांवरचा घाम. उमेदवाराच्या छातीला आणि पोटाला एकेक नळी, दंडाला रक्तदाबाचा पट्टा, बोटांना छोट्या पट्ट्या लावतात. चित्रपटात दाखवतात तसा अचानक प्रश्न फेकत नाहीत. सगळे प्रश्न आधी वाचून दाखवतात. मग फक्त 'हो' किंवा 'नाही', वीस-पंचवीस सेकंद शांतता, पुढचा प्रश्न. तेच प्रश्न पुन्हा एकदा, मग आणखी एकदा. छाती धडधडली ती खोटं बोलल्यामुळे की नोकरी हातची जाईल या भीतीने, हे आलेख सांगत नाही. तो अर्थ परीक्षक लावतो.

'खरं बोलणाऱ्याला कसली भीती?' असंही लोक म्हणतात. भीती आहे. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने 2003च्या अहवालात हिशेबच मांडला: 10,000 कर्मचाऱ्यांत 10 हेर असतील आणि त्यातले 8 सापडावेत इतकी चाचणी कडक केली, तर त्यांच्याबरोबर सुमारे 1,600 निर्दोष माणसं संशयित ठरतील. उलट सीआयएचा आल्ड्रिच एम्स सोव्हिएत संघासाठी हेरगिरी करत असताना 1986 आणि 1991 अशा दोन्ही चाचण्यांतून सुटला. तिथली बहुतेक न्यायालयं हा निकाल पुरावा म्हणून धरत नाहीत. 1923च्या फ्राय खटल्यापासून हे चालत आलं आहे. नुसत्या आलेखावरून एखाद्या उमेदवाराला घरी पाठवणं मला सरळ अन्याय वाटतो.

तरीही खाती चाचणी सोडत नाहीत, कारण तिच्या धाकाने माणसं आपणहून बोलतात. अमली पदार्थ, जुन्या नोकरीतली चोरी, घरातली मारहाण अशा गोष्टी पुष्कळदा नळ्या लावण्याआधीच्या मुलाखतीतच बाहेर येतात.

तिसरा गैरसमज उमेदवाराचं सर्वाधिक नुकसान करतो: जुनी चूक लपवलेलीच बरी. अनेक अमेरिकी खाती कोवळ्या वयातली किरकोळ चूक, मध्ये पुरेशी वर्षं गेली असतील तर, पोटात घालतात. लपवाछपवी सापडली की मात्र अर्ज बाद. 1963च्या ब्रॅडी आणि 1972च्या गिग्लिओ निकालांनुसार साक्षीदाराच्या विश्वासार्हतेला धक्का देणारी माहिती सरकारी वकिलाला आरोपीच्या वकिलासमोर ठेवावी लागते. ज्याचा खोटेपणा कागदोपत्री नोंदला गेला, तो पोलीस साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिला की त्याची साक्ष टिकणं अवघड, आणि त्यापायी खरा गुन्हेगारही सुटू शकतो.

महाराष्ट्रात शिपाई भरतीला असं यंत्र नाही. मैदानी चाचणी, लेखी परीक्षा, वैद्यकीय तपासणी आणि चारित्र्य पडताळणी, एवढंच. गुन्ह्याच्या तपासातसुद्धा संमतीशिवाय पॉलिग्राफ करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 5 मे 2010 रोजी सेल्वी खटल्यात सांगितलं. पण म्हणून आपल्याकडे खोटं खपतं असं समजू नका. साक्षांकन नमुन्यात गुन्हे, अटक, खटले यांची माहिती विचारतात आणि ती पोलीस ठाण्याकडून पडताळली जाते. 2016च्या अवतार सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही माहिती खरीच हवी असं बजावलं. तरुणपणी घोषणा दिल्यासारखं क्षुल्लक प्रकरण लपवलं असेल, तर नियुक्ती करणारा अधिकारी ते माफ करू शकतो. अनेक प्रलंबित खटले जाणूनबुजून दडवले, तर नेमणूक रद्द होऊ शकते. खरं लिहिलं म्हणून नोकरी हमखास मिळते असंही नाही, पूर्वचारित्र्य तपासण्याचा अधिकार खात्याकडे राहतोच.

तेव्हा नमुना भरताना गावातल्या भांडणाची जुनी केस असेल, तर ती लिहा. निर्दोष सुटला असाल तर निकालाची प्रत सोबत जोडा. 'कोणाला कळतंय' म्हणणाऱ्या मित्राचं ऐकून तो रकाना कोरा सोडू नका.