गाडी पळते, ड्रायव्हर बसतो: लाईनवर तब्येत कशी टिकवायची?

पारोळ्यातून बोलतोय. आजचा भाग लाईनवर ट्रक चालवणाऱ्यांसाठी आहे, आणि ज्यांच्या घरातलं कुणी लाईनवर आहे त्यांच्यासाठीही. आपल्याकडे असं घर शोधायला लांब जावं लागत नाही. सुरत, धुळे, पारोळा, जळगाव, नागपूर हा रस्ता आपल्या दारावरूनच जातो. बोललो तसंच खाली लिहून दिलंय, फक्त ‘अं... अं...’ काढून टाकलंय.

आधी लंडनची बस

१९५३ साली जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांचा एक अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यांनी लंडनच्या डबलडेकर बसवरची माणसं तपासली. बस एकच, रस्ता एकच, धूरही तोच. पण ड्रायव्हर दिवसभर बसलेला आणि कंडक्टर तिकिटं फाडत दिवसाला पाचशेहून जास्त पायऱ्या चढणारा. हृदयविकार कंडक्टरांमध्ये कमी निघाला. टपालखात्यातही तेच दिसलं. पत्रं वाटत फिरणारे पोस्टमन टेबलावरच्या कारकुनांपेक्षा बरे होते.

म्हणजे बघा, कंडक्टर काही जिमला जात नव्हता. त्याची हालचाल कामातच होती. आजच्या भागाचा मुद्दा एवढाच आहे.

‘रोज सकाळी एक तास चाला’

माझे मामा वीसेक वर्षं याच रस्त्यावर गाडी चालवतात. त्यांना शुगर निघाली तेव्हा सल्ला मिळाला की रोज सकाळी एक तास चालायचं. मामा मला म्हणाले, “भाचा, सकायले मी बाळापूरले ऱ्हासू का व्याराले, मालेच माहीत नही ऱ्हास.”

बरोबर आहे ना? सल्ला चांगला होता, पण तो रोज एकाच गावात उठणाऱ्या माणसाचा होता. मी कोड लिहितो, मीही दिवसभर खुर्चीतच असतो. पण मला पाय आखडले की उठता येतं. मामांना त्यासाठी पुढचा ढाबा यावा लागतो.

आमच्या कामात प्रोग्राम दोन प्रकारे चालवता येतो. एक म्हणजे घड्याळावर: सकाळी ६ वाजले की चालू. दुसरा म्हणजे घटनेवर: अमुक झालं की चालू. ड्रायव्हरचं घड्याळ त्याच्या हातात नसतं, पण घटना रोज घडतातच. डिझेल भरणं, वजनकाटा, जेवण, लोडिंगची वाट बघणं. व्यायाम वेळेला नाही, थांब्याला बांधायचा.

थांब्यावर काय करायचं?

पहिलं, उतरणं. चार-पाच तास हादरे खाल्लेली कंबर आखडलेली असते. केबिनमधून थेट उडी मारू नका. तोंड गाडीकडे करून, हँडल धरून, पायरी-पायरीने उतरा. उतरल्या उतरल्या ताडपत्री ओढायला किंवा स्टेपनी उचलायला जाऊ नका. आधी पाच मिनिटं चाला. आणि मागच्या खिशातलं जाडजूड पाकीट डॅशबोर्डमध्ये ठेवा, त्यावर तासन्‌तास बसलं की कंबर तिरकी राहते.

दुसरं, फेऱ्या. दहा-बारा चाकी गाडीला थोड्या अंतरावरून एक फेरी म्हणजे साधारण ३० मीटर. दहा मिनिटं झपझप चाललात की किलोमीटरच्या आसपास होतं. पहिल्या फेरीत टायर ठोकून घ्या, काम आणि व्यायाम एकदमच. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. दिवसाला तीन थांबे, प्रत्येकी दहा मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. करा गुणाकार!

तिसरं, ताकद. केबिनचं हँडल धरून १५ बैठका. गाडीच्या बॉडीला हात टेकवून १५ दंड, जमिनीवर झोपायची गरज नाही. पायरीवर चवडे टेकवून टाचा वर-खाली २०. जुन्या ट्यूबची पट्टी कापून ठेवा, दोन्ही हातांनी छातीसमोर ताणा. गाडी चालवताना खांदे पुढे झुकलेले असतात, ते याने मागे येतात. हे आठवड्यातून दोन-तीनदा पुरे.

जेवण, चहा, पाणी

शेवभाजी सोडा असं मी खानदेशात बसून सांगणार नाही. पण रोजच्या जेवणात डाळ, एक रोटी कमी, कांदा-काकडी जास्त आणि तर्रीऐवजी ताक, हे कुठल्याही ढाब्यावर मिळतं. जेवल्यावर लगेच स्टेअरिंगवर बसू नका. तेव्हा दहा मिनिटं चाललं की पायांचे स्नायू रक्तातली साखर वापरतात आणि शुगर कमी उसळते.

खरी साखर चहातून जाते. दिवसाला आठ चहा, प्रत्येकात दोन चमचे, चमचा चार ग्रॅमचा धरला तर ६४ ग्रॅम. वरची मर्यादा साधारण ५० ग्रॅम मानतात. २५ च्या आत राहिलं तर उत्तमच.

पाण्याचं उलटं. गाडी थांबवावी लागू नये म्हणून कितीतरी ड्रायव्हर पाणी टाळतात. आपल्या मे महिन्यात ते मुतखड्याला आमंत्रण आहे. लघवी गडद पिवळी दिसली की समजा, पाणी कमी पडतंय.

झोप हा पण फिटनेसच

ताशी ६० च्या वेगाने गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. चार सेकंद डुलकी लागली तर ६७ मीटर गाडी कुणीच चालवत नसतं. तंबाखूच्या बारने झोप जात नाही. झापड आली तर सुरक्षित जागी गाडी लावा, एक चहा घ्या आणि लगेच २० मिनिटं झोपा. चहाचा असर चढायला साधारण तेवढाच वेळ लागतो. जोरात घोरणं, झोपेत श्वास अडकणं आणि दिवसभर पेंग येणं, हे तिन्ही असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा.

तीन आकडे मोबाईलमध्ये लिहून ठेवा: कंबर (पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आत), बीपी (१४०/९० च्या खाली), उपाशीपोटी शुगर (१०० च्या खाली). तिशीनंतरची ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. लायसन्सच्या मेडिकलमध्ये मुख्यतः नजर, रंग, कान, हातपाय बघतात. ते पास झालं म्हणजे शुगर नाही, असं नव्हे.

सगळं ड्रायव्हरवर ढकलू नका

१९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने लांब पल्ल्यासाठीसुद्धा दिवसाला १० आणि आठवड्याला ५४ तासांची मर्यादा घातली होती. सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांतीही सांगितली होती. आता हिशोब करा. सुरत ते नागपूर सातशे किलोमीटरच्या वर आहे. भरल्या गाडीचा सरासरी वेग ताशी ४० धरला तर साडेसतरा तास नुसतं स्टेअरिंग. ‘उद्या सकाळी माल पोचव’ याचा अर्थ काय होतो, कळतंय ना?

माझ्यासारखे लोक ॲपमध्ये गाडीचा हिरवा ठिपका बनवतात. तो ठिपका दहा मिनिटं थांबला की ऑफिसमधून फोन जातो, “गाडी का थांबली?” त्या दहा मिनिटांत कदाचित ड्रायव्हर चालत असेल. तुम्ही ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात काम करत असाल तर ते दहा मिनिटं उशीर म्हणून मोजू नका. गाडीला सर्व्हिसिंग लागते, माणसालाही लागते.

तुमच्या घरातलं कुणी लाईनवर असेल तर त्यांना हा भाग पाठवा. वाचायला नको, गाडी चालवताना कानावर पडला तरी चालेल. पुढच्या थांब्यावर किती फेऱ्या झाल्या, ते मला व्हॉइस नोटवर कळवा. भेटू पुढच्या भागात. सावकाश चालवा!