काळोखातले पाहुणे : लेखांक ६

२०२४ साली ३१ ऑक्टोबरला नरक चतुर्दशी होती. पहाटे कोकणात कारिटे फुटली, गोव्यात नरकासुर जळले आणि त्याच दिवशी संध्याकाळी आयर्लंड-अमेरिकेत मुलांनी भुताखेतांची सोंगे घेऊन हॅलोविन साजरा केला. दुसऱ्या दिवशी इकडे लक्ष्मीपूजन होते, तिकडे सर्व संतांचा दिवस. २ नोव्हेंबरला इकडे बलिप्रतिपदा, तिकडे मृतांचा स्मरणदिन. चांद्र पंचांग आणि इंग्रजी दिनदर्शिका यांच्या तारखा अशा एकाखाली एक क्वचितच येतात. ऋतूचा मेळ मात्र दरवर्षीचा आहे. पीक हाताशी आलेले असते, दिवस लहान होत जातात आणि जगातल्या अनेक समाजांना नेमके तेव्हाच आपले मृत आठवतात.

हॅलोविनचे मूळ आयर्लंड आणि स्कॉटलंडमधल्या केल्टिक लोकांच्या ‘सावन’ या सणात सापडते. या नावाचा अर्थ उन्हाळ्याचा शेवट असा लावला जातो. मराठी कानाला ते श्रावणासारखे लागले, तरी दोन्हींचा संबंध नाही. गुरे डोंगरावरच्या कुरणांतून खाली आणायची, कापणी संपवायची आणि हिवाळ्याच्या तोंडावर शेकोट्या पेटवायच्या, असा हा सण. जिवंतांचे जग आणि पलीकडचे जग यांच्यामधला पडदा त्या रात्री विरळ होतो, अशी समजूत होती. पुढे ख्रिस्ती धर्मसंस्थेने १ नोव्हेंबर हा दिवस सर्व संतांना दिला. आठव्या शतकात पोप तिसरे ग्रेगरी यांनी रोममध्ये त्याची सुरुवात केली आणि नवव्या शतकात तो दूरवर पसरला. दहाव्या शतकाच्या अखेरीस क्लुनी मठाचे प्रमुख ओदिलो यांनी २ नोव्हेंबर हा दिवस मृत आत्म्यांच्या प्रार्थनेसाठी ठरवला. संतांच्या दिवसाची आदली संध्याकाळ, एवढाच ‘हॅलोविन’ या शब्दाचा अर्थ आहे. आयर्लंडमध्ये दिवे सलगमाचे कोरत. १८४५ नंतरच्या मोठ्या दुष्काळात लाखो आयरिश लोक अमेरिकेला गेले, तिथे त्यांना मोठा, मऊ गराचा लाल भोपळा मिळाला आणि कोरलेल्या तोंडाचा तो केशरी दिवा जगभर या सणाची खूण बनला. दारोदार फिरून खाऊ मागण्याची आजची रीत विसाव्या शतकातल्या अमेरिकेतली. तिच्यामागे इंग्लंडमधली जुनी चाल आहे. मृतांसाठी प्रार्थना करण्याच्या बदल्यात गरिबांना त्या दिवसांत छोटे गोड पाव वाटले जात.

हॅलोविनमध्ये जे एका रात्रीत उरकले जाते, ते कोकणात दोन महिने चालते. धर्मशास्त्राच्या ग्रंथांनी त्याची मुदतही सांगितली आहे. सूर्य कन्या राशीत आला की पितर यमलोक सोडून आपल्या वंशजांच्या दाराशी येतात आणि सूर्य वृश्चिकेत जाईपर्यंत वाट पाहतात. म्हणजे साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत दार उघडे असते. पितृपक्ष, सर्वपित्री अमावास्या, नवरात्र, दिवाळी आणि आपल्याला परका वाटणारा हॅलोविनही याच मुदतीत येतो.

उरण तालुक्यातले चिरनेर हे गाव या काळात पाहावे. कर्नाळ्याच्या रानाला लागून असलेला हा आगरी, कोळी, कातकरी वस्तीचा, भातशेतीचा मुलूख. पूर्वी गाव पनवेल तालुक्यात मोडत असे. भाद्रपदाच्या वद्य पक्षात हळवे भात पोटरीतून बाहेर पडलेले असते आणि घराघरांत पितरांचे पान वाढले जाते. वडे, खीर, आमटी, भोपळ्याची भाजी आणि शिवाय गेलेल्या माणसाला जे आवडे ते. किनारपट्टीवरच्या अनेक घरांत त्यात मासळीही असते. पान कौलावर किंवा अंगणाच्या कडेला ठेवायचे आणि कावळ्याची वाट पाहायची. कावळा शिवला तर पितर जेवले. तो आलाच नाही, तर घरातले कोणीतरी हात जोडून राहून गेलेली इच्छा आठवते, शब्द देते आणि पुन्हा वाट पाहते. शोकात असलेल्या घराने मृताशी पुन्हा एकदा बोलावे, यासाठी याहून हळुवार युक्ती सापडणे कठीण आहे. नेपाळमध्ये तिहारचा, म्हणजे तिथल्या दिवाळीचा, पहिला दिवस खास कावळ्यांचा असतो. यमाचा दूत म्हणून त्यांना खाऊ घालतात आणि दुसऱ्या दिवशी कुत्र्यांच्या गळ्यात हार पडतात.

पितृपक्षातल्या तिथींची वाटणी मुद्दाम पाहण्यासारखी आहे. ज्याची जी मृत्युतिथी, त्याचे त्या दिवशी श्राद्ध. सवाष्ण गेलेल्या बाईसाठी अविधवा नवमी. तिथी माहीत नाही अशा सर्वांसाठी सर्वपित्री अमावास्या. आणि शस्त्राने किंवा अपघाताने मेलेल्यांसाठी वद्य चतुर्दशी. अवेळी, हिंसेने मरण आलेल्याचा जीव शांत होत नाही आणि त्याला वेगळा दिवस द्यावा लागतो, हे ओळखून ही तिथी राखलेली आहे. युरोपातल्या कथांमध्ये असाच आत्मा शरदाच्या रात्री भटकतो, भिववतो. इथे त्याला जेवायला बोलावले जाते.

चिरनेरने मात्र शस्त्राने मेलेल्या आपल्या माणसांसाठी इंग्रजी तारीख राखली आहे. २५ सप्टेंबर १९३० रोजी अक्कादेवीच्या रानात जंगल सत्याग्रह झाला. सरपणावर, गवतावर, रानातल्या पिढीजात हक्कांवर आलेल्या निर्बंधांविरुद्ध आसपासच्या गावांतले लोक कोयते-कुऱ्हाडी घेऊन लाकूड तोडायला जमले आणि पोलिसांनी गोळीबार केला. धाकू गवत्या फोफेरकर, नवश्या महादेव कातकरी यांच्यासह आठ जण हुतात्मा झाले. चिरनेरबरोबरच कोप्रोली, खोपटे, दिघोडे, जुई या गावांनी आपली माणसे गमावली. ती तारीख पंचांगात लावून पाहिली, तर सर्वपित्री अमावास्या होऊन तीनच दिवस झाले होते आणि नवरात्र बसले होते. पितरांची पाने वाढून हात धुतलेल्या गावांना पुन्हा पाने मांडावी लागली. आजही दरवर्षी २५ सप्टेंबरला चिरनेरच्या स्मारकाशी लोक जमतात, पोलिसांची मानवंदना होते, हुतात्म्यांच्या वारसांचा मान राखला जातो. चांद्र महिना मागेपुढे सरकतो, त्यामुळे हा दिवस कधी पितृपक्षात येतो, कधी नवरात्रात. २०२२ साली २५ सप्टेंबरलाच सर्वपित्री अमावास्या होती. त्या दिवशी घरचे पितर आणि गावाचे हुतात्मे यांची आठवण एकाच दिवसात मावली.

आलेल्या पाहुण्याला परत पोचवण्याची सोयही लागते. जपानमध्ये ओबोनच्या सणात पूर्वजांना आणण्यासाठी दाराशी एक विस्तव करतात आणि पाठवण्यासाठी दुसरा. क्योतो शहराभोवतीच्या पाच डोंगरांवर १६ ऑगस्टच्या रात्री पेटणाऱ्या प्रचंड आकृती या निरोपाच्याच आहेत. मराठी घरांत हे काम दिवाळी करते. दिवाळीचा हा अर्थ आज जवळजवळ पुसला गेला आहे, म्हणून तो सविस्तर सांगायला हवा. काशिनाथ उपाध्ये यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस पंढरपुरात रचलेला ‘धर्मसिंधु’ हा ग्रंथ महाराष्ट्रात घरोघरच्या आचाराचा आधार मानला गेला. त्यात आश्विनाच्या अखेरीस उल्कादान सांगितले आहे. हातात पेटते कोलीत किंवा चूड घ्यायची, ती पितरांना दाखवायची आणि महालयासाठी, म्हणजे पितृपक्षासाठी, आलेल्यांनी या उजेडात आपली वाट धरावी, अशी प्रार्थना करायची. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी कणकेचा दिवा दक्षिणेकडे वात करून ठेवतात. तो यमासाठी, अपमृत्यू टळावा म्हणून. एरवी दिव्याची वात दक्षिणेला करत नाहीत. चतुर्दशीला यमाची चौदा नावे घेऊन तर्पण करतात. बंगालमध्ये हीच तिथी भूत चतुर्दशी म्हणून पाळतात. चौदा दिवे लावायचे, चौदा प्रकारच्या पालेभाज्या खायच्या, चौदा पिढ्यांना आठवायचे. आकाशकंदिलाचे मूळही इथेच आहे. कार्तिकी पौर्णिमेपर्यंत उंच काठीच्या टोकाला महिनाभर आकाशदिवा टांगायचा, तो देवांसाठी आणि पितरांसाठी. आज गॅलरीत लुकलुकणारी चांदणी पाहताना कोणाला हे आठवत नाही, पण घराबाहेर, उंचावर, दुरून दिसेल असाच दिवा टांगावा ही जुनी खूण तिने सोडलेली नाही.

काही पाहुणे नको असतात. त्यांची व्यवस्था चतुर्दशीच्या पहाटे होते. गोव्यात आणि सावंतवाडी-वेंगुर्ल्याच्या बाजूला गवत, चिंध्या, कागद यांचा नरकासुर महिनाभर आधीपासून उभा राहत असतो. मोठाले डोळे, बाहेर आलेले दात, लाल जीभ. रात्रभर त्याच्या मिरवणुका आणि स्पर्धा चालतात आणि उजाडण्यापूर्वी त्याला आग लावतात. मुलांनी भयंकर रूप आपल्या हातांनी घडवायचे आणि आपल्याच हातांनी जाळायचे, यात भीतीवर मात करण्याचे शहाणपण आहे. कर्णे लावून चाललेल्या स्पर्धांनी ते झाकोळते, ही गोष्ट खेदाची. घरोघरी हाच वध लहान प्रमाणात होतो. अभ्यंगस्नानात आघाड्याची फांदी अंगावरून फिरवायची आणि अंगणात तुळशीपाशी डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचे. बोराएवढे किंवा अंड्याएवढे हे कडूजहर रानफळ भाताच्या बांधावर, कुंपणावर याच दिवसांत लगडलेले असते. त्याची बी जिभेला लावायची आणि मग गोडाकडे वळायचे. गोव्यात त्यानंतर पोह्यांचे नाना प्रकार पानात येतात, कारण नव्या भाताचे पोहे तेव्हाच कांडलेले असतात.

लक्ष्मीपूजनाच्या मध्यरात्री अलक्ष्मीला घालवतात. बायकांनी सूप वाजवत, आवाज करत घराच्या कानाकोपऱ्यातून तिला अंगणापर्यंत आणि अंगणातून बाहेर हाकलायचे. नवी केरसुणी पुजायची आणि जुनीने केर काढून तो दिव्यासकट उकिरड्यावर नेऊन टाकायचा. दुसऱ्याच दिवशी बळिराजा येतो. तोही असुरच. नरकासुर जाळला जातो आणि बळीला शेणाच्या गोठ्यात, रांगोळीत, दिव्यांत बसवले जाते. कुळवाड्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

मराठी ख्रिस्ती समाजाच्या घरी नोव्हेंबरची सुरुवात अशीच होते. वसईत आणि मुंबईच्या जुन्या गावठाणांत २ नोव्हेंबरच्या आधी दफनभूमी झाडून, कबरी धुऊन स्वच्छ करतात. संध्याकाळी प्रत्येक कबरीवर फुले आणि मेणबत्त्या, मग प्रार्थना. सबंध दफनभूमी उजेडाने भरते आणि तिथे भीतीला जागा उरत नाही. मेक्सिकोत हाच दिवस ‘मृतांचा दिवस’ म्हणून मोठ्या आनंदाने साजरा होतो. युनेस्कोने २००८ साली मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत त्याचा समावेश केला. तिथे गेलेल्यांच्या तसबिरींपुढे त्यांचे आवडते पदार्थ मांडतात, साखरेच्या कवट्या ठेवतात आणि दारापासून त्या मांडणीपर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात. त्या वासाच्या आणि रंगाच्या मागाने मृत घरी येतात, असे मानतात. झेंडू मूळचा मेक्सिकोचाच. पोर्तुगिजांच्या जहाजांतून तो इकडे आला आणि दसरा-दिवाळीचे तोरण त्याच्याशिवाय होईनासे झाले. लाल भोपळाही अमेरिका खंडातून आलेला, पण तो श्राद्धाच्या पानात जाऊन बसला. दृष्ट उतरवण्याचे काम मात्र इकडच्या जुन्या कोहळ्याकडेच राहिले. दुकानाच्या चौकटीला शिंक्यात टांगलेला, कुंकवाने माखलेला कोहळा आणि परदेशातल्या उंबऱ्यावरचा दात विचकणारा भोपळा राखण एकाच गोष्टीची करतात.

भुतांची नावे कोकणात कमी नाहीत. पिंपळावरचा मुंज्या, पाणवठ्याचा गिऱ्हा, हडळ, खवीस, गावाच्या सीमेचा देवचार, भुतांचा राजा वेताळ. यांपैकी देवचार आणि वेताळ राखणदार आहेत. त्यांना नारळ मिळतो आणि अडलेला माणूस त्यांच्याकडे कौल मागायला जातो. गोष्टींमध्ये ही सारी मंडळी हवीहवीशी वाटतात. पण अमावास्येच्या रात्रीच्या भयाने खऱ्या माणसांचेही बळी घेतले आहेत. आजारी मुलाला दवाखान्याऐवजी भगताकडे नेले गेले, एकट्या म्हाताऱ्या बाईला चेटकीण ठरवून मारले गेले. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या कायद्यासाठी अनेक वर्षे झगडा दिला, तो जादूटोणाविरोधी कायदा त्यांच्या हत्येनंतर, २०१३ सालीच, महाराष्ट्रात झाला. पितरांसाठी पान वाढणे आणि करणीच्या संशयाने शेजारणीवर दगड उचलणे या गोष्टी एका पोतडीत टाकता येत नाहीत.

गेल्या काही वर्षांत पनवेल-नवी मुंबईच्या गृहसंकुलांत ३१ ऑक्टोबरला काळे झगे घातलेली मुले दारोदार चॉकलेटे मागताना दिसू लागली आहेत. अमेरिकेतल्या मराठी घरांत याच्या उलट होते. ओसरीवर कोरलेला भोपळा आणि त्याच्यावर आकाशकंदील, अशी दोन्ही आरास शेजारी शेजारी दिसते, कारण दिवाळी बहुधा हॅलोविनच्या आगेमागेच येते. मुलांना दोन्हीत सारखीच मजा वाटते.

दिवाळी सरते, तुळशीचे लग्न लागते, गरवे भात खळ्यात येते. कार्तिकी पौर्णिमेला, त्रिपुरारीच्या रात्री, देवळांपुढच्या दीपमाळा पेटतात आणि महिनाभर काठीवर जळत असलेला आकाशदिवा उतरवला जातो. काही दिवसांत सूर्य वृश्चिकेत स्थिरावतो. पितर परतलेले असतात.