स्वयंपाकघरातला मधला ओटा

कामरगावात गेल्या काही वर्षांत धाब्याची जुनी घरे उतरून स्लॅबची घरे उभी राहू लागली आहेत. सोयाबीन-तुरीचे पैसे हाती आले किंवा मुलगा पुण्या-मुंबईकडे नोकरीला लागला की पहिला विचार घराचा होतो, आणि घरात सगळ्यात जास्त खल होतो तो बावर्चीखान्यावर. अलीकडे या चर्चेत एक नवा शब्द ऐकू येतो, किचन आयलंड. मुली मोबाइलवर फोटो दाखवतात. खोलीच्या मधोमध भिंतीपासून सुटा ओटा, वर लोंबते दिवे, फुलदाणी, फळांची परडी. चारही बाजूंनी मोकळा म्हणून त्याला बेट म्हणायचे. आम्ही या लेखात त्याला मधला ओटा म्हणू.

घरातले बुजुर्ग याला श्रीमंतांचा शौक म्हणतात. आम्हाला तसे वाटत नाही. आपला नेहमीचा ओटा भिंतीला टेकलेला असतो, त्यामुळे जिचे हात कामात गुंतलेले असतात तिची पाठ सगळ्या घराकडे असते. रमजानमध्ये असरच्या नमाजनंतरचा तो दीड तास आठवा. पकोडे तळायचे आहेत, फळे कापायची आहेत, शरबत करायचे आहे, मशिदीत आणि शेजारी पाठवायच्या थाळ्या भरायच्या आहेत. ओट्यापाशी जागा एकीचीच. बाकीचे बाहेर बसून अजानची वाट पाहतात. मध्ये एक ओटा असला तर दोन्ही बाजूंनी माणसे उभी राहतात. एक जण खजुरातल्या बिया काढतो, दुसरी कलिंगड कापते, लहानगा पेले मांडतो. प्रेषित (सल्ल.) घरी काय करीत असत, असे हजरत आयशा (रजि.) यांना विचारले गेले, तेव्हा ते घरच्यांच्या कामात हातभार लावीत, असे त्यांनी सांगितल्याचे सहीह बुखारीत आहे. आपल्या घरातल्या मर्दांना ही सुन्नत पाळायला जागाच नसते, ही सबब तरी मधल्या ओट्याने संपते!

सोयीच्या नावाखाली उलटेही होते. 1926 मध्ये मार्गारेट श्युटे-लिहोत्झ्की या वास्तुविशारद बाईंनी जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरासाठी एक स्वयंपाकघर आखले. ते जेमतेम 1.9 बाय 3.4 मीटरचे होते, पण बाईची पावले वाचावीत म्हणून प्रत्येक वस्तू हाताशी ठेवलेली. अशी हजारो स्वयंपाकघरे बांधली गेली. आजच्या मॉड्युलर किचनचे मूळ तिथे सापडते. पावले खरोखर वाचली, पण त्या खोलीत दुसरे माणूस मावेना. मधला ओटा घालताना तोच घोटाळा होऊ नये, म्हणून आधी जागा मोजावी.

हिशेब साधा आहे. भिंतीचा ओटा 2 फूट, मधला ओटा 2 फूट, दोन्हींच्या मध्ये निदान 3 फूट आणि पलीकडे पुन्हा 3 फूट. म्हणजे खोलीची रुंदी 10 फूट हवीच. फ्रिज त्याच बोळात उघडत असेल तर साडेतीन फूट सोडा, नाहीतर एक जण फ्रिज उघडेल आणि दुसरी गरम देगची घेऊन खोळंबेल. 8 फुटांच्या खोलीत बांधीव ओट्याचा हट्ट करू नये. तिथे चाकांचे टेबल बरे. काम झाले की ते भिंतीला लावता येते आणि जमिनीवर दस्तरखान अंथरायला जागा मोकळी होते. प्रेषित (सल्ल.) उंच मेजावर नव्हे, तर जमिनीवर अंथरलेल्या सुफऱ्यावर जेवत, हे हदीसमध्ये आहे. तेव्हा मधला ओटा कामाला असावा, त्याने घरातला दस्तरखान उठवू नये, असे आमचे मत आहे. आणखी एक करून पाहा. मिस्त्रीला बोलावण्याआधी फरशीवर खडूने ओट्याचा चौकोन आखा आणि आठ दिवस त्याला वळसा घालून वावरा. घरातल्या कोणाची किती अडचण होते ते आपोआप कळेल.

फोटोंतला मधला ओटा बहुधा बैठकीकडे उघडा असतो, आणि आपल्याकडे खरी अडचण इथेच येते. पाहुणे बाहेर बसलेले असताना घरातल्या बाईने डोक्यावरचा पदर सावरत पोळ्या लाटायच्या का? बैठकीच्या बाजूला भिंत किंवा सरकता दरवाजा राहू द्यावा, आणि स्वयंपाकघर मागच्या अंगणाकडे किंवा पडवीकडे मोठ्या खिडकीने मोकळे करावे. पडदाही राहतो आणि वाराही येतो. मे महिन्यात विदर्भाचा पारा 44-45 अंशांवर जातो, तेव्हा त्या खिडकीपुढे कुठलीही सजावट फिकी पडते. गॅसची शेगडी मात्र मधल्या ओट्यावर नेऊ नका. सिलिंडरची नळी जाण्यायेण्याच्या वाटेत आडवी यायला नको. शेगडी भिंतीच्या ओट्यावरच बरी.

आता दगड. कडप्पा स्वस्त आणि ओळखीचा आहे, पण तो चुनखडीच्या जातीचा. लिंबू, चिंच, दही सांडले की त्यावर पांढुरके डाग उमटतात आणि ते घासून जात नाहीत. संगमरवराचेही तेच. रोज लिंबू पिळणाऱ्या, बकरी ईदला गोश्ताचे हिस्से करणाऱ्या घराला ग्रॅनाइट सोयीचा पडतो, धुतला की मोकळा. हल्ली दुकानदार कारखान्यात बनलेला क्वार्ट्झचा पांढराशुभ्र दगड दाखवतात. दिसतो सुंदर, पण त्यात सिलिका सुमारे 90 टक्के असते. तो कोरडा कापला तर उडणारी बारीक धूळ कारागिराच्या फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो. या आजाराने गेलेले फुप्फुस परत मिळत नाही. ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून या दगडावर बंदीच घातली. ग्रॅनाइटमध्येही सिलिका असते, प्रमाण कमी. म्हणून दगड कोणताही घ्या, कापणाऱ्याला पाणी सोडून कापायला सांगा, मास्क आणून द्या, आणि त्याने 'आम्हाला सवय आहे' म्हटले तरी ऐकू नका. चाकांच्या टेबलावर मात्र दगड घालू नये. 4 बाय 2 फुटांचा, 18 मिलिमीटर जाडीचा ग्रॅनाइट एकटाच साधारण 36 किलो भरतो. तिथे स्टीलचा पत्रा किंवा सागाची फळी चालते.

दगडाचा काठ सगळ्या बाजूंनी दोन इंच बाहेर काढायला सांगा. सेवया करायचे यंत्र काठाला कसता येते, आणि रमजानच्या आधी बाजेच्या पाटीशी झटापट करावी लागत नाही. अम्मी-नानीचे गुडघे दुखत असतील तर ओट्याची एक बाजू 30 इंचांवर ठेवा. त्या खुर्चीवर बसून मेथी निवडतील आणि गप्पांतही राहतील.

हे सगळे झाले म्हणजे सजावटीचे नाव घ्यावे. आमचा एकच आग्रह आहे, ओट्याचा निम्मा भाग कायम रिकामा हवा. फोटोतल्या ओट्यावर कणीक कोणी मळत नसते, म्हणून तिथे तीन फुलदाण्या शोभतात. आपल्याकडे प्लास्टिकच्या फुलांवर महिन्याभरात तेलाचा चिकटा बसतो. त्याऐवजी खिडकीच्या बाजूला पुदिन्याची कुंडी ठेवा, चटणीलाही येईल. माळ्यावर पडलेली दादीच्या काळातली तांब्याची देगची किंवा सेनी खाली काढा आणि चिंच-मिठाने घासून तीत फळे ठेवा. तिच्यात अन्न शिजवायचे किंवा आंबट काही ठेवायचे असेल तर आधी कल्हई करून घ्यावी लागेल. कल्हईवाला आता क्वचितच फिरतो, दिसला की थांबवा. कामरगावच्या उन्हात माठ आलाच. त्याखाली पाणी झिरपायला एक परात, वर झाकण आणि शेजारी ओगराळे, एवढा कोपरा कोणत्याही झुंबरापेक्षा देखणा दिसतो. रात्री भांडी झाकून ठेवण्याची शिकवण हदीसमध्ये आहे, तेव्हा क्रोशाचे विणलेले रुमाल, मण्यांच्या झालरीच्या जाळ्या यांना इथे मान आहे. मुलींच्या हातची कारागिरी संदुकीत कशाला ठेवायची?

मसाल्यांच्या काचेच्या बरण्या एका ट्रेमध्ये मांडल्या की पुसायला सोपे जाते. त्यांवरच्या चिठ्ठ्या मुलांकडून लिहून घ्या, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला उर्दू. हळद आणि हल्दी, धणे आणि धनिया. आम्ही शिक्षक माणसे, त्यामुळे आम्हाला यात शाळा दिसते. पण मुलांनाही ते आवडते, आणि दोन्ही लिपी रोज डोळ्यांखालून जातात.

कुरआनच्या आयती लिहिलेल्या टाइल्स मात्र इथे लावू नका. फोडणीचा धूर, उष्ट्या हातांचे शिंतोडे, शेजारी बेसिन. त्या बैठकीत लावाव्यात. प्राण्यांच्या मूर्तीही अनेक घरांत चालत नाहीत. त्यांच्या जागी वेलबुट्टीची, जाळीच्या नक्षीची टाइल घ्या, ओट्याच्या पुढच्या अंगाला चार ओळी पुरे होतात.

खर्चाची एक गोष्ट. दुकानदार सगळा संच हप्त्यावर देऊ करतो, पण हप्त्यातले व्याज कागदावर वाचल्याशिवाय दिसत नाही. सूदापासून दूर राहायचे तर यंदा विटांचा पाया आणि वर दगड, पुढच्या पिकाला खालचे कप्पे आणि दारे, असे टप्प्याटप्प्याने करता येते. दारांऐवजी वर्षभर सुती पडदे चालतात.

दिव्यांचे तेवढे आधी ठरवा. मधल्या ओट्यावर छतातून येणारी वायर स्लॅब पडण्यापूर्वीच टाकावी लागते. दिवा उभ्या माणसाच्या डोळ्यांवर येणार नाही इतका वर घ्या. आणि तो इन्व्हर्टरच्या लाइनवर जोडायला वायरमनला बजावून सांगा. सहरीच्या वेळी वीज गेली तर घरात निदान तेवढा एक दिवा हवा.