उद्दिष्टे मोठी, पण खुर्चीवर माणूस आहे का?

सच्चर समितीचा अहवाल नोव्हेंबर 2006 मध्ये आला. त्यानंतर 2008 साली महाराष्ट्रात स्वतंत्र अल्पसंख्याक विकास विभाग सुरू झाला. शिक्षण, रोजगार, वस्त्यांमधल्या सोयी अशी मोठी उद्दिष्टे त्याच्यापुढे आहेत. निधी किती मिळाला, यावर आपण दरवर्षी बोलतो. तो खर्च करायला माणसे आहेत का, हे विचारायचे मात्र राहूनच जाते.

शिष्यवृत्तीचेच घ्या. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवरचा अर्ज आधी शाळा-कॉलेज तपासते, मग वरच्या पातळीवरचा नोडल अधिकारी. तिथे अतिरिक्त कार्यभार सांभाळणारा एकच माणूस असला, तर मुदत निघून जाते. नुकसान होते ते विद्यार्थ्याचे.

मंजूर पदांच्या रचनेला सरकारी भाषेत ‘आकृतिबंध’ म्हणतात. माहिती अधिकार कायदा 2005 च्या कलम 4 नुसार प्रत्येक कार्यालयाने अधिकारी-कर्मचाऱ्यांची यादी स्वतःहून जाहीर करायची असते. तेवढ्याने भागले नाही, तर 10 रुपये शुल्क भरून अर्ज करा आणि विचारा: मंजूर पदे किती, भरलेली किती, रिक्त कधीपासून? उत्तरासाठी 30 दिवसांची मुदत आहे.

आम्हाला वाटते, पुढचे निवेदन घेऊन जाताना निधीच्या मागणीसोबत हे आकडेही आपल्या हातात असायला हवेत.